रोज रंकाळ्याला फेऱ्या, तरी शुगर हटेना: मधुमेहातला व्यायाम नेमका कुठं अडतो

"मॅडम, दोन म्हयनं झालं, रोज रंकाळ्याला जातोय. पाऊस असला तर छत्री घिऊन. तरी शुगर काय हटंना. आता चालायचं बंदच करतो बघा."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. कधी शिवाजी पेठेतल्या एखाद्या आबांकडून, कधी राजारामपुरीतल्या निवृत्त बाईंकडून. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. माणसं गुडघा नाहीतर खांदा घेऊन येतात आणि बोलता बोलता पिशवीतून शुगरची फाइल बाहेर निघते. त्यातली चिठ्ठी बघावी तर गोळ्यांचं सगळं चोख असतं: कोणती, किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, १-०-१. सगळ्यात खाली एक ओळ, 'रोज चालणे'. किती, कधी, कुठल्या वेगानं, कुठं थांबायचं, यातलं काही नाही. बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली असताना डॉक्टरांनी आणखी किती लिहायचं, हेही खरंच. पण 'रोज गोळी खाणे' एवढंच कुणी लिहून दिलं असतं तर आपण परत जाऊन विचारलं असतंच ना? व्यायामाचं मात्र कुणी विचारत नाही.

या नुसत्या ओळीनं काय होतं, ते मोजून झालेलं आहे. २०११ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. आखून दिलेला व्यायाम आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त करणाऱ्यांची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.८९ टक्का-अंकांनी उतरली. १५० मिनिटं किंवा त्याहून कमी करणाऱ्यांची ०.३६ नं. आणि ज्यांना फक्त 'हालचाल वाढवा' असा सल्ला मिळाला, त्यांच्यात आहाराचा सल्ला जोडीला असेल तरच फरक दिसला.

तेव्हा 'चालून फरक पडत नाही' अशी तक्रार आली की मी माणसाला आळशी ठरवत नाही. गडबड बहुतेक वेळा गोळी, जेवण आणि चालणं या तिघांच्या वेळा एकमेकांत अडकण्यात असते. ती शोधायची कशी, ते खाली सांगते.

आधी दोन गोष्टी टेबलावर ठेवा

पहिली, गोळ्यांच्या पट्ट्या. चिठ्ठी नको, पट्ट्याच. मागं बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड यातलं काही असेल, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर व्यायामात शुगर एकदम खाली येऊ शकते. ही औषधं शरीरातलं इन्सुलिन वाढवतात आणि तुम्ही चालताय की झोपलाय हे त्यांना कळत नाही. नुसतं मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ही भीती फार कमी. पण आपल्याकडं एकाच गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली असतात. "मी फक्त एकच गोळी घेतो" म्हणणाऱ्याच्या एका गोळीत तीन नावं निघतात.

दुसरी, वही. शाळेची शंभर पानी चालेल. पाच दिवस लिहायचं: किती वाजता काय खाल्लं, गोळी किंवा इंजेक्शन कधी, चालण्याआधीची शुगर, चालून आल्याबरोबरची शुगर. शुगर तपासायच्या पट्ट्या महाग आहेत हे मला माहीत आहे, म्हणून पाचच दिवस. इन्सुलिनवाल्यांनी झोपतानाची शुगरही लिहावी. आणि तपासण्याआधी हात साबणानं धुवा. आंब्याची साल हाताळलेल्या बोटावर मशीन २४० दाखवतं आणि घरात रडारड होते.

आता तक्रारी एकेक करून घेऊ.

चालताना घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते

ही सगळ्यात धोक्याची तक्रार आणि लोक हिलाच सगळ्यात हलक्यात घेतात. "अशक्तपणा आहे" म्हणतात, चालणं सोडतात, आणि तीन महिन्यांनी शुगर वाढली म्हणून गोळीचा डोस वाढवून घेतात. डोस वाढल्यावर पुन्हा चालायला लागले की पुन्हा चक्कर. या फेऱ्यात वर्ष-वर्ष अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

नेहमीचा घोळ असा. सकाळी सहाला उठून ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, कारण 'जेवणाआधी' असं लिहिलंय. मग तासभर शालिनी पॅलेसच्या बाजूनं फेरी. मग ओळखीचे भेटले, कट्ट्यावर बसले. नाश्ता साडेआठला. गोळी अडीच तास मोकळ्या पोटी काम करत बसलेली, त्यात स्नायूंनी साखर ओढली. चक्कर येणार नाही तर काय? ग्लिमेपिराइडसाठी 'जेवणाआधी' याचा अर्थ जेवणाच्या लगेच आधी. चालून आल्यावर, नाश्त्याचं ताट समोर असताना गोळी घ्यायची, असं डॉक्टरांना विचारून बदलून घेतलं की निम्म्या चकरा तिथंच थांबतात.

वरच्या धोक्याच्या गटातलं औषध असेल तर चालण्याआधी शुगर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, एक छोटं केळं पुरतं, आणि मग निघा. ७० च्या खाली असेल तर त्या वेळी चालायचं नाही, आधी उपचार.

उपचार म्हणजे १५ ग्रॅम साखर. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर जेवण लांब असेल तर थोडं काहीतरी खायचं. पेढा, चॉकलेट, बिस्किट नको. त्यातल्या तुपामुळं साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि त्या वेळी वेळच नसतो. आपल्या गावात प्रत्येकाच्या खिशात गुळाचा खडा असतो. खडा चालतो, तो साखरेसारखाच काम करतो. त्याच कारणानं 'गुळाचा चहा मधुमेहाला चालतो' हा समज खोटा आहे, पण तो विषय काढला तर आपल्या गावात भांडण होईल.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. तुमच्या गोळ्यांच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज असं नाव असेल तर साखर आणि गूळ दोन्ही लवकर उपयोगी पडत नाहीत. साखरेचा रेणू आतड्यात फोडला गेल्यावरच ती रक्तात जाते, आणि ही औषधं नेमकं तेच फोडणं अडवतात. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवायची. ग्लुकोज फोडावं लागत नाही. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही मिळून एक गोळी घेणारे पुष्कळ आहेत. म्हणजे शुगर पाडणारंही त्याच गोळीत आणि गुळाचा खडा निकामी करणारंही त्याच गोळीत. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल यांसारखी गोळी असेल तर छातीतली धडधड आणि थरथर दबून जाते, म्हणजे शुगर पडल्याची घंटा वाजतच नाही. घाम मात्र येतो. त्यामुळं हवा गार असूनही मानेवर अचानक घाम आला तर थांबून तपासा. याच गोळीमुळं हातातल्या घड्याळावरचे हृदयाचे ठोकेही वाढत नाहीत. ठोके बघून व्यायाम करणारे म्हणतात, अजून ताकद आहे, आणि ओढत राहतात.

इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालायला गेलात तर ते नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं. व्यायामाच्या आधी पोटावर टोचा. संध्याकाळी जोराचा खेळ झाला तर शुगर रात्री दोन-तीनला पडू शकते, कारण रिकामे झालेले स्नायू पुढं कित्येक तास साखर ओढत राहतात. टाइप वन, म्हणजे शरीरात इन्सुलिनच न बनणारा मधुमेह असलेली आपली पेठेतली फुटबॉलची पोरं सामना मारून येतात, जेवून झोपतात, आणि पहाटे घामानं उशी भिजलेली असते. त्या दिवशी झोपताना तपासणी, थोडं जादा खाणं, आणि इन्सुलिन किती कमी करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं असलं पाहिजे. ऐन वेळी मनानं नाही.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, साखरही नाही, पाणीही नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ज्यांची शुगर इतकी पडली की दुसऱ्यानं मदत करावी लागली, त्यांनी पुढचे चोवीस तास व्यायाम करायचा नाही, आणि डॉक्टरांना ते कळवायचंच.

व्यायाम केल्यावर शुगर उलट वाढलेली दिसते

ही तक्रार घेऊन येणारे बरेचदा जुने तालमीतले असतात. पन्नाशीत शुगर निघाली, मग ईर्ष्येनं पुन्हा जोर-बैठका काढल्या. आधी १४०, नंतर १९०. "म्हणजे व्यायामानं शुगर वाढतीया की!"

वाढते, पण थोडा वेळ. दम लागेपर्यंत जोर मारले की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं, आणि त्याच्या हुकमानं यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. कुस्तीत ते हवंच असतं. तास-दोन तासांत ती खाली येते. तेव्हा लगेच तपासून घाबरू नका, दोन तासांनी पुन्हा बघा. शेवटची दहा मिनिटं सावकाश चालून अंग निवू द्या, तेवढ्यानंही फरक पडतो. सकाळी उठल्या उठल्या शुगर तशीही वर असते, पहाटेची संप्रेरकं ती चढवतात. त्यामुळं सकाळच्या आकड्यावरून व्यायामाला दोष देऊ नका.

जुन्या पैलवानांबद्दल आणखी एक, तेही प्रेमानं. तालीम सुटते, खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई तशीच चालू, आणि बैठका पाचशेवरून पन्नासवर. गंगावेशीला संध्याकाळी धारोष्ण दुधाचा ग्लास रिचवून कुणी "मी गोड खातच नाही" म्हणाला तर मी फक्त हसते.

ज्यांनी खरंच थांबायला हवं ते वेगळे. टाइप वन असेल किंवा इन्सुलिनवर असाल आणि शुगर २५० च्या वर असेल तर लघवीत किंवा रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून बनणारे आम्लधर्मी पदार्थ, तपासा. कीटोन असतील, मळमळ असेल, पोट दुखत असेल तर व्यायाम नाही, दवाखाना. टाइप टूमध्ये, म्हणजे बहुतेकांना असतो त्या मधुमेहात, ३०० च्या वर असेल तर आधी कारण शोधा: गोळी राहिली का, ताप आहे का, पाणी कमी झालंय का. अंगात बरं वाटत असेल तर हळू चालणं चालेल, दमवणारं काही नको. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लघवीवाटे पाणी जास्त जातं, म्हणून पाणी जास्त प्यावं. आणि नवरात्राचे कडक उपवास धरून त्यात जोराचा व्यायाम त्यांनी करू नये. या गोळीवर शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन चढू शकतात, आणि मशीनवर आकडा ठीक दिसल्यानं घरचे निर्धास्त राहतात.

महिनोन्‌महिने चालतोय, एचबीएवनसी जागचा हलत नाही

आता मूळ तक्रारीवर येऊ. इथं मी वही मागते आणि बहुतेक वेळा या पाचांपैकी एक काहीतरी सापडतं.

वेग. रंकाळ्यावर सकाळी जाऊन बघा, चार जण ओळीत, हात मागं बांधून, महापालिकेच्या राजकारणावर चर्चा करत चाललेत. चर्चा झकास होते, व्यायाम होत नाही. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पावलं मोजा. मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम वेग. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, ही खूण त्याहून सोपी. ६० पावलं भरत असतील तर अर्धा तास कागदावरच झाला.

खाणं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेला माणूस 'शुगर पडेल' म्हणून निघण्याआधी चार बिस्किटं खातो. त्याची सहसा पडतच नाही. आणि फेरी संपली की मिसळ. मी मिसळीच्या विरोधात नाही, मी कोल्हापूरची आहे. पण अर्ध्या तासाच्या मध्यम चालण्यात दीडशे कॅलरीच्या आसपास जळतं. फरसाण, वर कटाचं तेल आणि दोन-तीन पावांच्या चकत्या त्याच्या कितीतरी पुढं जातात. आठवड्यातून एकदा खा, आणि खाऊन झाल्यावर चाला.

हा खाऊन चालण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप टू असलेल्या ४१ जणांना काही दिवस रोज कधीही सलग तीस मिनिटं चालायला सांगितलं, काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतरची शुगर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी निघाली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. आपलं रात्रीचं जेवण उशिरा आणि जड, त्यानंतर थेट सोफा. गल्लीतल्या दोन चकरा, नाहीतर गच्चीवर दहा मिनिटं, एवढंच मी आधी सुरू करते. 'शतपावली' आपल्या आज्यांना माहीत होतीच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

खाडे. व्यायामानं इन्सुलिन चांगलं लागू पडतं, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो, फार तर तीन. रविवारी जोतिबाचा डोंगर चढून आलं की सोमवार ते शनिवार भागत नाही. दोन दिवस सलग खाडा नको, हा नियम म्हणून लक्षात ठेवा.

बसणं. सकाळी तास चाललात आणि मग दुकानाच्या गादीवर नऊ तास बसलात, तर तो तास एकटा किती ओढणार? अर्ध्या तासानं उठायचं, दोन-तीन मिनिटं दुकानातच फिरायचं. गुजरीतल्या एका सराफांनी पाण्याची बाटली मुद्दाम दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आहे. मला ते फार आवडलं.

आणि पाचवं, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ देते: स्नायू.

जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायू उचलतात. स्नायू आकसला की साखर आत घ्यायची दारं उघडतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची किल्ली लागत नाही. ज्याला इन्सुलिन नीट लागू पडत नाही त्याला याहून चांगली बातमी काय असणार! पण साखर ठेवायला कोठारच लहान असेल तर? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी असूनही तुलनेनं चरबी जास्त आणि स्नायू कमी घेऊन येतात. बारीक दिसणाऱ्या, पोट तेवढं सुटलेल्या माणसाला शुगर कशी, याचं थोडं उत्तर तिथं आहे. अशा माणसानं नुसतं चालून चालून वजन उतरवलं तर थोडे आहेत ते स्नायूही जातात.

म्हणून आठवड्यात दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम. बायकांना हे सांगितलं की "या वयात काय पैलवान व्हायचंय व्हय मला?" हे ठरलेलं उत्तर. नाही, काकू, खुर्चीवरून हात न टेकता उठायचंय. तेवढीच बैठक. दहा वेळा उठा-बसा, दम खा, पुन्हा दहा. भिंतीला हात लावून जोर. पायऱ्यांवर टाचा वर-खाली. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या भरून हात वर, हात बाजूला. रबराचा पट्टा मिळतो तो दाराच्या कडीला अडकवून मागं ओढायचा. आठ-दहा प्रकार, प्रत्येक दहा ते पंधरा वेळा, शेवटचे दोन-तीन करताना जड वाटलं पाहिजे. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवायचं. श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. 'घरकामातच सगळा व्यायाम होतो' म्हणणाऱ्या काकूंना मी वाद न घालता खुर्चीवरून दहा वेळा उठायला सांगते. सहाव्याला आमचं एकमत होतं.

साठीपुढच्यांनी याच दिवशी तोल सांभाळायचा सरावही करावा. ओट्याला एक हात धरून एका पायावर उभं राहायचं.

पायाला फोड, भेग, जळजळ

इथं मी कडक होते. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान आहे, लग्नात घाला, जत्रेत घाला. पण मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर करकर वाजणाऱ्या नव्या चपलेनं अंगठ्याजवळ कातडी सोलली तरी कळत नाही, आणि टाच-बोटं उघडी. फेरीसाठी पुढं बोटांना जागा असलेला बूट आणि सुती, शिवण न टोचणारा मोजा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तोपर्यंत पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी उलटा करून झटका, आत खडा असतो.

अनवाणी नको. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आहेत, देवळाच्या आवारात दुपारी तापलेल्या फरशीवरून जाणारे आहेत. संवेदना नसलेला तळवा भाजतो आणि संध्याकाळी फोड दिसल्यावर कळतं. श्रद्धेत मी पडत नाही. डॉक्टर एका जाड नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला टोचून तपासतात, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. ती तपासणी वर्षातून एकदा करून घ्या, आणि टोचलेलं कळलं नाही तर देवीला मनोमन सांगून मोजे घाला. रोज रात्री तळवा आरशात बघा किंवा नातवाला बघायला लावा.

जखम असेल तर ती भरेपर्यंत चालण्याचा व्यायाम बंद. बसून हातांचा व्यायाम करा. एकच पाय गरम, लाल, सुजलेला आणि तरी दुखत नाही, असं असेल तर त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतली हाडं खचत असू शकतात.

सुरू करण्याआधी कुणी विचारून घ्यायचं

साधं चालणं बहुतेकांना लगेच सुरू करता येतं. पण वर्षानुवर्षं बसून काढली आहेत, रक्तदाब, तंबाखू, घरात हृदयविकार, असं काही असेल आणि भरभर चालण्यापुढचं करायचं असेल, तर आधी हृदयाची तपासणी. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. रोजच्या चढावर अचानक नेहमीपेक्षा फार दम लागला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर थांबा. उठल्यावर अंधारी येत असेल किंवा नुसतं बसलेलं असताना नाडी १०० च्या वर असेल तर तेही सांगा.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर जड वजन, उड्या, शीर्षासन आणि श्वास रोखून मारलेले जोर बंद. नेत्रतज्ज्ञांनी हो म्हटल्यावरच परत. खांदा वर जाईना, मागं हात पोचेना, असं असेल तर तो गोठलेला खांदा असू शकतो. मधुमेहात तो जास्त होतो. 'जास्त व्यायामानं झालं' म्हणून सगळंच सोडू नका, खांद्याचा वेगळा व्यायाम असतो.

एक चिठ्ठी, जशी लिहिली तशी

शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारे एक जण आले होते, वय छप्पन्न. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिन्ही औषधं असलेली गोळी सकाळी, वर सांगितलं तसं मोकळ्या पोटी, मग फेरी. दोनदा चक्कर येऊन गेलेली. चालणं सोडायचं ठरवून गुडघ्यासाठी माझ्याकडं आले होते.

त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून जी चिठ्ठी ठरली ती अशी. गोळी फेरीनंतर, नाश्त्याच्या ताटावर. फेरी वीस मिनिटं, मिनिटाला १०० पावलं, आठवड्याला पाच दिवस, दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. रात्री जेवून दहा मिनिटं, रोज. मंगळवार आणि शुक्रवार खुर्चीच्या बैठका, भिंतीवरचे जोर, पट्टा, दोन-दोन वेळा. कारखान्यात दर अर्ध्या तासानं स्टुलावरून उठणं. खिशात ग्लुकोजची पुडी, गूळ नाही. निघताना ९० च्या खाली असेल तर आधी केळं. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडं जूनमध्ये सुरू झालेला तो संपेपर्यंत, फेरीऐवजी घरातच जागेवर चालणं आणि जिना, कारण चार महिन्यांचा खाडा पडला की ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या आठवड्यात वही घेऊन आले. चार आकडे ठीक, एक ६८. मी बोट ठेवायच्या आधीच त्यांनी शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं दाखवलं: 'लाइट गेली, नाश्ता उशिरा, तरी गोळी वेळेवर घेतली.' पहिल्यांदाच चक्कर यायच्या आधी पुडी फोडली होती. ती वही घेऊन ते डॉक्टरांकडं गेले, तिच्यावरून ग्लिमेपिराइड अर्ध्यावर आलं, आणि गुडघ्याचं काय करायचं हे विचारायला ते आता येत्या मंगळवारी येणार आहेत.